भिंतीच्या आडोशाला मुक्काम

धुळ्याहून सुरतेच्या रस्त्याला लागलं, की कुसुंबा आणि नेर मागे पडता पडता शिवाराचं रूप पालटतं. कपाशीची रानं विरळ होत जातात, बाभळी आणि हिंगणबेट खुजे दिसू लागतात आणि दोन्ही अंगांना काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती उभ्या राहतात. नव्या माणसाला वाटावं, कुणा राजाचा तट इथे पडून राहिला आहे. साक्रीपासून नंदुरबारपर्यंत अशा भिंती एकामागून एक येत राहतात. हिवाळ्याच्या संध्याकाळी ऊन कलतं तेव्हा त्यांची सावली शेतं ओलांडून जाते. या सावलीत रात्र काढावी असं ज्याला एकदा तरी वाटलं नाही, तो या रस्त्याने झोपेत गेला असला पाहिजे.

खानदेशातली माणसं तंबूत राहण्यासाठी जैसलमेरला जातात, कच्छच्या रणात जातात, पवना धरणाच्या काठावर जातात. घराजवळच्या खडकांकडे आपलं लक्ष उशिरा गेलं. आता मात्र डिसेंबर उजाडला की शाळांची शिबिरं, तारे पाहणारे गट, गडांवर फिरणारी पोरं आणि चार-पाच कुटुंबं मिळून निघालेली मंडळी तंबू घेऊन पाटणादेवी, लळिंग, भामेर, पाल, तोरणमाळ या दिशांना जाताना दिसतात. त्यामुळे प्रश्न उभा राहिला आहे. या कोरड्या, उघड्या, खडकाळ मुलखात तीस-चाळीस माणसांनी एकत्र मुक्काम करावा का, केला तर कुठे, कोणत्या दिवसांत आणि कुणाला विचारून?

आधी जमीन समजून घेऊ. खानदेश हे वाळवंट नव्हे. तापी, गिरणा, पांझरा, बोरी या नद्यांनी घडवलेला हा मुलूख आहे. पण धुळे आणि साक्रीचा पट्टा सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत येतो. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि जानेवारीत धुळ्याचं किमान तापमान एक अंकी होतं. उघडा खडक, विरळ झाडी, दिवसारात्रीच्या तापमानातली मोठी तफावत, कोरडे नाले असे वाळवंटी मुलखाचे अनेक गुण इथे वर्षातले सात-आठ महिने अनुभवता येतात.

त्या काळ्या भिंतींना भूशास्त्रात डाइक म्हणतात, मराठी पुस्तकांत भित्ती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थरावर थर पसरला, तेव्हा जमिनीला पडलेल्या उभ्या भेगांमध्ये तो शिरून थिजला. भोवतालचे थर झिजून गेले, भेगेतला कठीण खडक उभा राहिला. धुळे-नंदुरबार भागात भूशास्त्रज्ञांनी अशा दोनशेहून अधिक भित्ती नकाशावर मांडल्या आहेत. बहुतेक पूर्व-पश्चिम धावतात आणि सर्वांत लांब भित्ती सुमारे ७९ किलोमीटरची आहे. एवढा दाट भित्तींचा पट्टा जगात थोड्या ठिकाणी पाहायला मिळतो, आणि आपण त्याच्याकडे खडी काढण्याची जागा म्हणून पाहत आलो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तंबू ठोकणाऱ्यासाठी भित्तीचं महत्त्व आडोशापुरतं नाही. जमिनीखालीही ती भिंतच असते. कुठे ती भूजल अडवते, कुठे तिच्या भेगांतून पाणी वाहतं. त्यामुळे एका बाजूच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी आणि दुसऱ्या बाजूची दिवाळीतच कोरडी, असं या भागात घडतं. कोणत्या बाजूला उतरायचं हे नकाशा सांगत नाही, तिथला शेतकरी सांगतो. साक्रीजवळच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आमच्या गटाला अहिराणीत एवढंच सांगितलं होतं: "पह्यले पानी देख, मंग जागा देख."

हे वाक्य मी पुढे हिशोबात मांडून पाहिलं. तीस माणसं, एक दिवस आणि एक रात्र. पिण्यासाठी माणशी चार लिटर. स्वयंपाक, भांडी, हातपाय धुणं मिळून काटकसरीने आणखी सहा. म्हणजे तीनशे लिटर पाणी, वीस-वीस लिटरचे पंधरा जार, तीनशे किलो वजन. एवढं ओझं घेऊन कुणी भित्तीच्या माथ्यावर किंवा गडावर चढत नाही. पाण्याची गाडी जिथवर जाते, तिथेच मोठ्या गटाचा मुक्काम होऊ शकतो, आणि गाडी जाते ती शेताच्या बांधापर्यंत. दोन-तीन जणांनी खांद्यावर पिशव्या घेऊन उंचावर रात्र काढणं वेगळं. गटाची जागा खडकाच्या पायथ्याशी, शेताच्या कडेला. मला तर हा सगळा प्रश्न इथेच अर्धा सुटलेला दिसतो.

जुन्या किल्लेकरांनीही हाच हिशोब केला होता. आग्रा रोडवर धुळ्याच्या दक्षिणेला उभा असलेला लळिंग असो की साक्री तालुक्यात निजामपूरजवळचा भामेर, माथ्यावर जाताच खडकात कोरलेली टाकी दिसतात. आधी टाकं, मग शिबंदी. आज त्या टाक्यांतलं पाणी जसंच्या तसं पिण्याजोगं नसतं आणि रानातली जनावरं त्याच पाण्यावर जगतात. म्हणून त्यात भांडी घासणाऱ्या गटांबद्दल मला राग येतो, तो लपवण्याचं कारण नाही.

या मुलखात समूहाने तंबूत राहण्याची परंपरा पर्यटनाच्या कितीतरी आधीची आहे. साक्री आणि धुळे तालुक्यांतले ठेलारी मेंढपाळ पावसाळा सरला की मेंढरं घेऊन बाहेर पडतात. काही बिऱ्हाडं मिळून एक वाडा होतो. सामान घोड्यांवर, लहान मुलं आणि कोंबड्याही त्याच घोड्यांवर. पाल ठोकायला त्यांना घटकाभर वेळ पुरतो. मोकळ्या शेतात मेंढरं बसवली की शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. सौराष्ट्रातून गुरं घेऊन येणारे काठेवाडीही खानदेशच्या शिवारात डेरा टाकतात. जागा निवडण्याचं त्यांचं ज्ञान ऐकण्यासारखं आहे. वाऱ्याकडे पाठ, नाल्यापासून वर, विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, आणि मालकाशी आधी बोलणं. चाळीसगाव आणि साक्री भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं कारखान्याच्या तळावर कोप्यांत सहा-सहा महिने काढतात, तोही तंबूतलाच मुक्काम. पण तो पोटासाठी आहे, आणि हौसेने तंबूत जाणाऱ्याने हा फरक मनात ठेवलेला बरा.

गोऱ्या अंमलदारांचे तंबूही इथे पडले. १८१८ नंतर खानदेश कंपनी सरकारच्या हाती गेला. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभारली. त्याच्या नावाचा घाट आजही चाळीसगाव आणि कन्नडच्या मध्ये आहे. हिवाळ्यात साहेबाचा दौरा निघे तेव्हा राहुट्या आणि कनाती बैलगाड्यांवर लादून गावोगावी नेल्या जात, आणि गवत, लाकूड, दूध पुरवण्याचा भार गावावर पडे. पाहुणा उतरला की गावाने राबायचं, ही त्या छावण्यांची रीत होती. आजच्या तंबूवाल्याने तिचा मागमूसही शिल्लक ठेवू नये.

या इतिहासातली मला सर्वांत प्रिय छावणी मात्र एका चित्रकर्तीची आहे. अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं झिजत चालली होती. मेजर रॉबर्ट गिलने १८४४ पासून अनेक वर्षं तिथे राहून नकला केल्या, त्यातल्या बऱ्याचशा लंडनमध्ये आगीत जळाल्या. गिल १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे. पुढे १९०९-१० आणि १९१०-११ अशा दोन हिवाळ्यांत इंग्लंडहून आलेल्या लेडी हेरिंगहॅम यांनी फर्दापूरला तळ टाकला. मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार हे तरुण चित्रकार आले, आणखीही काही कलावंत आले. रोज पहाटे उठून वाघूरच्या खोऱ्यातून लेण्यांत जायचं, उजेड असेतो नकला करायच्या, सांजेला तळावर परतायचं. या कामातून १९१५ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांचा मोठा ग्रंथ निघाला. फर्दापूर तेव्हा निजामाच्या मुलखात होतं, तरी खानदेशच्या वेशीवरचंच गाव ते. खडकाजवळ मुक्काम करण्याला याहून मोठं कारण कुणाकडे असेल असं वाटत नाही.

हेच नंदलाल बोस २६ वर्षांनी पुन्हा खानदेशात आले. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन फैजपूरला झालं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलालबाबूंनी टिळकनगर ही तात्पुरती वसाहत रचली, तीही जवळपास मिळणाऱ्या बांबूंची, तट्ट्यांची, गावच्याच कारागिरांच्या हातांनी. अधिवेशन उठल्यावर ते नगर पुन्हा बांबू आणि तट्टे होऊन गेलं. तात्पुरतं राहणं सुंदर कसं करावं याचा धडा जळगाव जिल्ह्याच्या मातीत गिरवला गेला आहे. आज तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या घोडेबाजाराशेजारी चेतक महोत्सवासाठी तंबूनगरी उभी राहते, तिची भव्यता वेगळी. बाहेरून आणलेले मोठे तंबू, दिव्यांची रोषणाई आणि यंत्रणा. यात्रेला ती शोभते. खडकाच्या पायथ्याशी तिची नक्कल नको.

ठिकाणांबद्दल सांगायचं तर पाटणादेवीपाशी थांबलंच पाहिजे. चाळीसगावपासून जवळ, सातमाळ्याच्या अर्धवर्तुळाकार कड्यांच्या कुशीत चंडिकादेवीचं हेमाडपंती देऊळ आहे. वर कन्हेरगड, कड्यात कोरलेली लेणी, केदारकुंड आणि धवलतीर्थ, आणि डोंगराच्या पलीकडच्या अंगाला पितळखोऱ्याची लेणी. इथल्या शिलालेखाने भास्कराचार्यांच्या घराण्याचा ठाव दिला. त्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची नोंद तेराव्या शतकाच्या आरंभीच्या या लेखात आहे. तो लेख उजेडात आणण्याचं श्रेय डॉ. भाऊ दाजी लाड यांचं. ज्या खोऱ्यात भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'चा अभ्यास चालला, तिथे डिसेंबरच्या मध्याला मिथुन राशीतला उल्कावर्षाव पाहायला मुलांना नेणं, यासारखी शिबिराची कल्पना दुसरी नाही. तीन बाजूंनी कडे असल्याने चाळीसगावचा उजेड बराचसा अडतो.

पण पाटणादेवीचा परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो. १९८६ मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटरचं आहे. इथे बिबट्या आहे आणि कड्यांच्या पोटात आग्यामोहोळं आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात शिरायलाच परवाना लागतो आणि आग लावणं हा गुन्हा आहे. यावल अभयारण्य १९६९ चं, शिरपूर तालुक्यातलं अनेर धरणाचं १९८६ चं, त्यांनाही हेच लागू. राखीव वनात १९२७ च्या वन कायद्याने विनापरवाना शिरणं आणि शेकोटी दोन्ही वर्ज्य. लेणी आणि संरक्षित देवळांच्या आवारात सूर्यास्तानंतर थांबता येत नाही. याचा सरळ अर्थ असा, की पाटण्याला दिवस अभयारण्यात घालवावा, वनखात्याच्या परवान्याने, आणि रात्र हद्दीबाहेरच्या शेतात. तारे तिथूनही तेच दिसतात.

लळिंग धुळ्याला इतकं जवळ आहे, की तिथे रात्र काढण्यापेक्षा पहाटे चढावं. पायथ्याच्या कुरणात हिवाळ्यात गवत वाळलेलं असतं आणि एक ठिणगी पुरते. पालला सुकी नदीच्या काठी झाडी आहे, उन्हाळ्यातही रात्री बऱ्या असतात. तोरणमाळ १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होतं, आता नंदुरबारमध्ये. यशवंत तलाव आणि सीताखाईची दरी यांच्यामुळे तिथे गर्दी आधीच फार होते. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या का उभ्या आहेत हे एक रात्र तंबूत काढली की कळतं. तिथे तंबू नको.

माझ्या मते सर्वांत चांगली आणि सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे साक्री, शिंदखेडा आणि दोंडाईचा भागातल्या भित्तींचे पायथे, आणि चोपडा-यावल-रावेरला सातपुड्याच्या पायथ्याचा गोट्यांचा पट्टा. डोंगरातून उतरणारे नाले या गोटे-वाळूच्या थरांत जिरतात आणि ते पाणी पुढे केळीच्या बागांच्या विहिरींना पोहोचतं. इथे शेतं आहेत, विहिरी आहेत, रस्ता आहे आणि डोळ्यांसमोर खडक. मात्र जिथे पाणी इतक्या सहज जिरतं, तिथे संडासाचा खड्डा विहिरीपासून आणि नाल्यापासून दूर हवा. तीस माणसांच्या सकाळची सोय आधी ठरवली नाही, तर दुसऱ्या वर्षी त्या शेतकऱ्याने नाही म्हटलं तर त्याचं काय चुकलं?

हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि फेब्रुवारीच्या अखेरीस संपतो. मार्चनंतर काळा खडक दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतो. भित्तीचा जो आडोसा जानेवारीत हवासा वाटतो, तोच तेव्हा भट्टी होतो. जानेवारीत थंड हवा खोलगट जागी साचते, म्हणून तंबू उतारावर थोडा वरच्या टप्प्याला लावावा. मेख उघड्या खडकात जात नाही, भेगाळलेल्या काळ्या मातीत टिकत नाही. मुरमाची जागा शोधावी, नाहीतर ठेलाऱ्यांसारख्या दोऱ्या धोंड्यांना बांधाव्या. धोंडा उचलताना हाताने नाही, काठीने आधी हलवून. खाली फुरसं किंवा विंचू असतो. जोडे रात्री तंबूत घ्यावे आणि सकाळी झटकून घालावे. कड्याखाली धूर करू नये, अत्तर लावून जाऊ नये. मोहोळ उठलं की पळायला जागा नसते.

सर्वांत मोठा धोका कोरड्या नाल्याचा. वाळू मऊ असते, काठ वारा अडवतात, जागा मोहवते. ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री पाटणादेवी आणि कन्नड घाटाच्या डोंगरांत अतिवृष्टी झाली. घाटात दरडी कोसळल्या, डोंगरी आणि तितूर नद्यांना पूर आला आणि चाळीसगाव शहरासह काठची गावं पाण्याखाली गेली. माणसं दगावली, गुरं तर मोठ्या संख्येने वाहून गेली. उघड्या खडकावर पाणी मुरत नाही, ते सरळ नाल्यात येतं. एका ऑक्टोबरात आम्ही स्वतः नाल्याच्या पात्रात चार तंबू लावले होते. आमच्यावर थेंबही पडला नव्हता. दूर डोंगरावर वीज चमकत होती तेवढीच. रात्री दहाच्या सुमारास घोट्याएवढं पाणी आलं, पंधरा मिनिटांत ते गुडघ्याला लागलं. माणसं वर आली, दोन तंबू गेले. त्या गटात सातवीतली मुलं होती. ती रात्र आठवली की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

नियमांचं सांगायचं तर राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. पैसे घेऊन साहसी शिबिरं चालवणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, प्रशिक्षित माणसं आणि प्रथमोपचार ठेवावेत, अशी अपेक्षा त्यात आहे. मुलांना पाठवणाऱ्या पालकांनी नोंदणीचा कागद मागावा. तंबू किती रंगीत आहेत हे नंतर बघावं.

कागदापेक्षा मला गावाच्या हातातली दोरी जास्त भरवशाची वाटते, आणि तिचे नमुने याच भागात आहेत. पांझरेच्या काठी फड पद्धतीत शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बंधाऱ्याचं पाणी वाटून घेतलं. कोणत्या फडात कोणतं पीक, कुणाला किती पाणी हे गावाने ठरवायचं आणि पाटकऱ्याने पाळायचं. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने आपलं सुमारे अकराशे एकरांचं जंगल स्वतःचे नियम करून राखलं. २००४ पासून तिथे वनभाज्यांची स्पर्धा भरते, बाहेरून माणसं येतात, पण गावाच्या अटींवर येतात. तिथल्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. भित्तीच्या पायथ्याच्या एखाद्या गावाने असंच ठरवलं, की एका रात्री तिसांहून जास्त माणसं नाहीत, महिन्यातून चारच मुक्काम, पाण्याचे पैसे विहिरीच्या मालकाला, जेवण गावच्या घरांतून, ध्वनिक्षेपक नाही, तर त्यात पर्यटकाचं काही कमी होत नाही. पवनेच्या काठी शेकडो तंबू एकमेकांना खेटून लागतात, तिथल्या रात्री मी ऐकल्या आहेत. ते इथे येण्याआधी गावांनी आपली संख्या ठरवावी.

जेवणाचं वेगळं सांगायला नको. थंडीच्या दिवसांत जळगाव जिल्ह्यात शेताशेतांतून भरीत पार्ट्या होतात. बामणोद-भालोदकडची हिरवी, मोठी वांगी वाळलेल्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजायची, बडगीत ठेचायची, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात घालायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खायची. पऱ्हाटी शेतातच पडलेली असते, रानातलं एक लाकूड तोडावं लागत नाही. जाळ शेतकऱ्याने दाखवलेल्या मोकळ्या जागेवर, गवतापासून लांब आणि झोपण्याआधी पाणी ओतून विझवलेला. बाहेरून आलेल्या पाहुण्याला आपण पनीर आणि नूडल्स का खाऊ घालतो हे मला उलगडलेलं नाही.

गेल्या जानेवारीत साक्रीजवळच्या त्याच म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या शेतात आमचा बावीस जणांचा मुक्काम होता. रात्री पारा बराच उतरला, मुलं दोन वाजेपर्यंत भित्तीच्या वर सरकणारा मृग पाहत बसली. सकाळी तंबू गुंडाळले, कचरा पोत्यात भरला, राख गार करून पसरली, जाग्यावर काही उरलं नाही असं आम्हाला वाटलं. म्हातारा बांधावरून चालत आला, इकडेतिकडे पाहिलं आणि चुलीसाठी आम्ही उचललेल्या तीन धोंड्यांकडे बोट दाखवलं. ते त्याच्या बांधाचे होते. मुलांनी ते उचलून नेले. कोणता धोंडा कुठे बसतो हे त्याला पाठ होतं, एकेक जागा त्याने काठीने दाखवली, आणि तिसरा नीट बसेपर्यंत तो तिथून हलला नाही.